धर्मा नाखव्याच्या होडीतली उपाशी कोंबडी

उपास या गोष्टीचा मला संताप येतो. श्रावणात तर जास्तच. सहासष्ट सालची गोष्ट. रेशनच्या दुकानापुढे बायका अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीसाठी पावसात भिजत उभ्या होत्या, सोमवारी एक वेळचं जेवण सोडा म्हणून सगळीकडून आवाहनं चालली होती, आणि आमच्या गल्लीत साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस नि राजगिऱ्याचे लाडू हाणून "आज माझा कडक उपास हं" म्हणणारी माणसं ढेकर देत हिंडत होती. मी पत्रक लिहिलं: 'भुकेची चेष्टा थांबवा!' पदरचे पैसे घालून छापलं. गल्लीतल्या लोकांनी ते वाचलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलांच्या पायांखाली सरकवलं.

माझी मैत्रीण मंदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "इंदू, गल्लीत भांडून काय होणार? मी खाडीवरचे पक्षी बघायला दांडीला चाललेय. बरोबर चल, तिकडे वाट तुझी पत्रकं." गेल्या वर्षी ती तिथल्या एका मच्छीमार कुटुंबात उतरली होती, यंदाही तिथेच जाणार होती. मी पत्रकांचा गठ्ठा बांधला आणि निघाले. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो किनारा पाहिला नसेल, म्हणून हे सांगते आहे. पत्रक पुन्हा वाचून दाखवणार नाही, भिऊ नका.

पालघर

बाजाराचा दिवस साधून आम्ही आधी पालघरला उतरलो. डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या बाया पानांवर करटुल्यांचे वाटे लावून बसल्या होत्या. शेजारी बांबूचे कोवळे कोंब, टोपलीत पाय बांधलेले खेकडे. हिरवं एवढं की डोळे निवावेत. मी एका बाईच्या हातात पत्रक दिलं.

"काय लिवलाय बाय?"

"उपास करू नका, असं लिहिलंय."

ती शेजारणीकडे वळली. "आयकला का गो? ही बाय सांगते, उपास नको करू."

"मंग जेवाया घाल म्हणावं तिला!" शेजारीण म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून हसल्या. "आमी उपास करीत नाय बाय. तो आपला आपून होते, पेरणी झाली का."

पेरणीनंतर घरातलं धान्य संपलेलं असतं आणि नवं यायला अवकाश असतो, एवढी साधी गोष्ट माझ्या पत्रकात नव्हती. तोवर त्या बाईने पत्रकाचा पुडा वळला, त्यात करटुली भरली आणि ती मलाच विकली. "कागुद जाड हाय. आजून हाय का?"

मी अर्धा गठ्ठा तिथेच देऊन टाकला. मंदा रस्त्यात पोट धरून हसत होती.

बोईसर आणि पुढे

बोईसरला उतरलं की कळतं, या गावाला आता झोप नाही. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं, त्यामुळे स्टेशनाबाहेर ट्रकांची रांग, चहाच्या टपरीवर देशभरचे कामगार, आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी. एका सरदारजी ड्रायव्हरने "बहनजी, बैठो" म्हणत आम्हाला सिमेंटच्या पोत्यांशेजारी घेतलं आणि वाटभर आपल्या मुलीच्या शाळेच्या गोष्टी सांगून फाट्यावर सोडलं. तिथून चालत.

भातखाचरांच्या बांधावर मी पाय घसरून पडले. उरलेली पत्रकं पाण्यात, छत्री बेडकांच्या घरात, मी गुडघाभर चिखलात. मंदाने आधी दुर्बीण वाचवली, मग मला. 'भुकेची चेष्टा थांबवा!' हे शब्द कोवळ्या भातरोपांमधून हळूहळू तरंगत गेले. इतकं छान ते छापखान्यातही दिसले नव्हते.

दांडी

मंदा जिथे उतरायची त्या पारूकाकींच्या दारात पोचलो तेव्हा अंगावर कोरडं असं काही नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चौकशी, मग चहा. इथे आधी ताट. तांदळाची मऊ भाकरी, चिंच घातलेलं सुक्या बोंबलांचं कालवण आणि कांदा. तिखटाने नाक वाहू लागलं तरी माझा हात थांबेना. आमच्या जिन्यात श्रावणात सुक्या मासळीचा नुसता वास आला तरी बैठक बसते. काय हरवून बसतो आपण!

जेवता जेवता मागच्या वाडीतून भांडण ऐकू आलं.

"उतरव तिला. नायतर मी उतरवतो." हे काकींचे यजमान, धर्मा नाखवा. नाखवा म्हणजे होडीचा धनी.

"हात लावून बघ! होडी तुजी हाय, कोंबडी माजी हाय." हातात पळी घेऊन काकी ओरडत बाहेर धावल्या.

"होडीत बसली म्हंजे होडीची झाली."

"मंग मी तुज्या घरात बसलीय एवडी वर्सं. मी काय घराची झाली?"

"झालीसच की! घरच तुजं झालंय, मी भाडेकरू."

आम्ही हात धुऊन बघायला गेलो. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून त्यांच्यावर झावळ्यांचं छप्पर करतात, तशी नाखव्याची होडी घराला लागून उभी होती. तिच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाच्या अरुंद कोनाड्यात, जुन्या जाळ्याच्या गुंडाळ्यावर एक काळी कोंबडी बसली होती. मानेवर पांढरे ठिपके, डोक्यावर झुबका. आमच्याकडे तिने असं बघितलं की आम्हीच तिच्या घरात शिरलो होतो.

प्रश्न असा होता. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे ती फार लांबली, होड्या महिनाभर जास्त वाळूवर बसल्या आणि नाखवे चिडीला आले. पौर्णिमेच्या भरतीला सगळ्या होड्या पाण्यात जाणार, आणि नाखव्याच्या होडीत ही बाई पाच अंड्यांवर.

"दुसऱ्या टोपलीत ठेवा ना," मी म्हटलं.

"ठेवली होती," काकी म्हणाल्या. "टोपलीतनं उठून परत हितंच आली. आजून एकदा हलवली तर अंडी सोडंल. हिची आयपण आशीच होती."

मग त्यांनी सांगितलं. काकींचं माहेर केळव्याचं. लग्नात आईने एक झुबकेवाली काळी कोंबडी दिली होती, तिच्या लेकी-नाती या अंगणात वाढल्या. गेल्या थंडीत गावात कोंबड्यांची मर आली. माना मोडून सगळ्या पडल्या, ही एक वाचली. पाड्यावरून कोंबडा मागून आणला, तेव्हा कुठे ही अंडी झाली.

"केळव्याला आता माजं कोण नाय," काकी म्हणाल्या. "आय गेली, भाव परगावी. ही तेवडी हाय." आणि पळी घेऊन घरात गेल्या.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. कोंबडीपुढे दाणा नव्हता, पाणी नव्हतं. मी गुपचूप एका वाटीत भात आणि एका करवंटीत पाणी नेऊन तिच्या चोचीपाशी ठेवलं. काकींनी खिडकीतून पाहिलं.

"उचल तो भात! मुंगळे चढतील, पिलांचे डोळे काडतील."

"पण ती उपाशी आहे!"

"हाय. उपाशीच बसते. रोज एकदा उतरते, खाते, पिते, राखंत लोळते, परत जाते. तू काय तिला अंथरुणात जेवण देतेस? बाळंतीण हाय, म्हातारी नाय."

मी भात उचलला. उचलताना कोंबडीने मला मनगटावर चोच मारलीच.

खाडी

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मंदा मला खाडीच्या चिखलात घेऊन गेली. चपला हातात, साडी खोचलेली. दूरवर चिखलच हलतोय असं वाटलं. दुर्बिणीतून पाहिलं तर लहानलहान भुरकट पक्षी, तुतवार आणि चिखले, शेकड्यांनी धावत, टोचत, गिळत होते. मंदाने हळूच माझा दंड धरला. "आले," एवढंच म्हणाली.

"कुठून?"

"हिमालयापलीकडून. तिकडे अंडी घातली, पिल्लं वाढवली, आणि निघाले. वाटेत लांबलांब पल्ल्यांवर काही खाता येत नाही."

"म्हणजे उपास!" मी ओरडले. जवळचे दोनचार पक्षी उडाले आणि मंदाने मला चिमटा काढला.

"उपास म्हण. पण निघण्याआधी हे इतकं खातात की अंगात चरबीचा थर साठतो. तीच जाळत येतात. आणि गंमत ऐक, चरबी जळली की तिच्यातून पाणीही मिळतं."

"जळण्यातून पाणी? थापा मारू नकोस."

घरी गेल्यावर तिने कंदील पेटवला आणि माठाजवळचा थंड पेला क्षणभर काचेच्या तोंडावर उपडा धरला. पेल्याच्या आत धुकं धरलं. बोटाने पुसलं तर बोट ओलं. मी दुसऱ्यांदा करायला लावलं, मग काकींनी करून पाहिलं, मग नाखव्याने. "रॉकेलात पाणी घालतात दुकानदार, दुसरं काय," नाखवा म्हणाला. मंदाने कपाळावर हात मारला. पण मला पटलं.

"म्हणून ती कोंबडी तहानेने मरत नाही," मंदा म्हणाली. "थोडं पाणी चरबीतून येतं, आणि ती फार कमी पाणी वाया घालवते. पक्ष्यांना लघवी नसते. विष्ठेतला तो पांढरा लगदा असतो ना, लघवीतून जायचं ते सगळं त्यात जातं. वर ती हलत नाही, म्हणजे जळणही कमी लागतं."

"आणि चरबी संपली की?"

"मग अंगातलं मांस जळायला लागतं. तिथे मात्र शरीर भोंगा वाजवतं: ऊठ, अंडी राहू दे, आधी खा. आणि पक्षी उठतो. उठावंच लागतं."

काकी चुलीपाशी होत्या. त्यांचा हात थांबला. "हिची किती उरलीय?"

आम्ही तिघी कंदील घेऊन होडीत चढलो. काकींनी कोंबडीच्या छातीखाली बोटं घातली, मग मंदाने. छातीच्या मधलं हाड दोन्ही बाजूंच्या मांसातून किती वर आलंय, ते दोघी चाचपत होत्या. एक अंगणात शिकलेली, एक प्रयोगशाळेत.

"धार लागते," मंदा म्हणाली.

"सुरीवानी," काकी म्हणाल्या. "मी बसवली आसती तर छाती भरल्याबिगर बसवलीच नसती. ही आजारातनं उठली आन चोरून बसली. बाय माजी, इतकी घाई कशाला केलीस गो?"

चिखलातले ते पक्षी आठवून मला मोठा उलगडा झाल्यासारखा वाटला. ज्याच्या अंगात शिदोरी आहे त्याने खुशाल उपास करावा. हिने शिदोरीविनाच प्रवास सुरू केला होता. पालघरच्या बाजारातल्या त्या दोघींसारखा. फरक एवढाच, की हिला कुणी भाग पाडलं नव्हतं. मी हे मोठ्याने बोलून दाखवलं. "झालं, पत्रक आलं," मंदा म्हणाली.

सोमवार

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सोमवार होता. सकाळी कोंबडी उतरली नाही. काकींनी पाण्याची थाळी खाली ठेवली, राख पसरली, तोंडाने "तीऽ तीऽ" केलं. नाळेतून नुसती गुरगुर आली. मग काकी चुलीपाशी येऊन बसल्या आणि आमच्यापुढे भाकऱ्या ठेवल्या, स्वतःपुढे काही नाही.

"तुम्ही?"

"माजा सोमवार."

"काकी!" माझा आवाज चढला. "तुमचा सोमवार असतो हे काल नाही बोललात!"

"नसतोच. आज हाय. तिच्यासाठी."

मग मात्र माझी सगळी पत्रकं एकदम तोंडातून बाहेर पडली. कोंबडीसाठी उपास! तुमच्या उपाशी राहण्याने तिच्या छातीवर मांस चढणार आहे का? पाण्याचा एक थेंब तरी तिच्या घशात जाणार आहे का?

"नाय जाणार," काकी शांतपणे म्हणाल्या. "पण आपून एकलीच उपाशी नाय, येवडं तर तिला कळंल."

"नाही कळणार!"

"तुला कसं म्हाईत? तू कोंबडी हायेस?"

नाखवा खोकला लागेपर्यंत हसला. मी तिथेच, त्यांच्यासमोर, निषेध म्हणून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. खारवलेल्या मासळीचा तुकडाही मागून घेतला. निषेध इतका चविष्ट कधी झाला नव्हता.

दिवस कलला तरी कोंबडी उतरली नाही. मंदाने मला बाजूला घेऊन सांगितलं, शेवटी शेवटी कोंबड्या उतरत नाहीत हे खरं, पण ही इतकी वाळलेली आहे की आता काहीही होऊ शकतं. भोंगा वाजला तर ती काही तासांसाठी अंडी सोडून जाईल, आणि अंडी गार पडून मरायला ते तास पुरे होतील.

दिवेलागणीला काकींनी एक अंडं अलगद काढून कानाला लावलं. मग त्यांनी ते माझ्या कानाला लावलं. आत कुणीतरी बारीक आवाजात तक्रार करत होतं. माझ्याइतकंच चिडलेलं.

पौर्णिमा

सकाळपासून किनाऱ्यावर गर्दी. होड्यांना पताका, फुलांच्या माळा, बायकांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी, सोनेरी कागद लावलेले नारळ. ढोल वाजत होते. भरती चढत होती आणि एकेक होडी ओंडक्यांवरून पाण्याकडे निघाली होती. पंधरावीस माणसं खांदा लावतात, एक जण आरोळी देतो, बाकीचे गर्जतात आणि हिसका बसतो. किती सुंदर गलका!

आमच्या होडीत पाचही अंड्यांना भोकं पडली होती. भोकांतून चोचीची टोकं दिसत होती. कोंबडी डोळे अर्धे मिटून, पिसं फुगवून बसली होती. आता हलवणं म्हणजे सगळं घालवणं. आणि हिसके देत होडी ढकलणं म्हणजेही तेच.

शेजारच्या होडीवरून एकाने टोमणा मारला, "नाखवा, औंदा जाळी टाकतोस का अंडी?"

काकी होडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. नाखव्याने त्यांच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि पौर्णिमेला जी होडी पाण्यात गेली नाही तिच्याबद्दल गाव वर्षभर बोलतं.

"होडी जाणार," नाखवा म्हणाला.

काकींचा चेहरा पडला.

"आन तीपण जाणार. खलाशी हाय माजी. पण आयका रं, आज आरोळी नाय, हिसका नाय. ज्याच्या तोंडातनं आवाज निगंल त्याला मी खाडीत बुडवीन. हळू. दह्याचं मडकं नेतो तसं."

आणि मग दांडीच्या किनाऱ्यावर मी जे पाहिलं ते तुम्हाला कुठे बघायला मिळणार नाही. चहूकडे ढोल आणि गर्जना, आणि मधोमध एक होडी कुजबुजत चाललेली. दांडगे बाप्ये तिला खांदे लावून, दात आवळून, "हळू रं… हळू… जरा डाव्या अंगाला…" असं देवळात बोलावं तसं बोलत होते. ओंडक्यांवर काकींनी ओल्या शेवाळाच्या जुड्या अंथरल्या, म्हणजे घसरावं, आदळू नये. मीही खांदा लावला. घोषणा देण्यात जन्म गेलेला, पण जीव मुठीत धरून मीही कुजबुजत होते, "हळू… हळू…" टोमणा मारणारा तो शेजारी आपली होडी सोडून आला आणि माझ्या पलीकडे खांदा लावून उभा राहिला. मंदा आत चढली होती, नाळेपाशी गुडघे टेकून.

होडी पाण्याला लागली. पाण्याने ती इतक्या मऊ उचलली की कुणी ढकललं असं वाटलंच नाही.

नाखव्याने नारळ सोडला तोही फेकला नाही, हाताने पाण्यात ठेवला. मग तो पुढे जाऊन नाळेत वाकला. काकी कमरेइतक्या पाण्यात उभ्या. सगळा किनारा बघत होता. ढोलवाल्यांनी वाजवायचं थांबवून माना वळवल्या.

नाखव्याने पाठ न वळवता एक हात वर केला. त्याचं एक बोट उघडलं: एक पिल्लू बाहेर. बऱ्याच वेळाने दुसरं. मग मध्येच दोन एकदम. काकींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. हात पुरा उघडला तेव्हा टोमणेवाल्याच्या तोंडून जी आरोळी गेली ती नाखव्याने माफ केली, कारण तोपर्यंत सगळा किनाराच ओरडत होता. मी सर्वांत मोठ्याने.

दिवस उतरताना नाखवा टोपली डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत आला. कोंबडी आत, पंखांखालून झुबक्यांची सुरुवात असलेली काळी डोकी बाहेर. टोपली अंगणात ठेवली. ती उतरली तेव्हा तिचे पाय लटपटत होते. काकींनी कण्या पसरल्या आणि पाण्याची थाळी ठेवली.

ती कण्यांपाशी गेली. एक दाणा उचलला आणि खाली टाकला. उचलला, टाकला, आणि "कुक् कुक्" करून पिल्लांना बोलावू लागली. स्वतः एकही गिळेना.

"अगं खा!" मी ओरडले. "तू खा आधी! काकी, सांगा ना तिला!"

"मी काय सांगू? मी काय कोंबडी हाय?"

पिल्लं दाण्यांना अडखळत, पडत, टोचत होती. मग ती थाळीपाशी गेली. चोच पाण्यात, मान वर. चोच पाण्यात, मान वर. घशातून पाणी उतरताना दिसत होतं. आम्ही चौघं अंगणात उकिडवे बसून एका कोंबडीला पाणी पिताना बघत होतो, आणि काकी प्रत्येक घोटाला मान हलवत होत्या. थाळी अर्धी झाली. मग ती वळली, कण्यांवर तुटून पडली, आणि कुणालाही, अगदी स्वतःच्या पिल्लांनाही, तिने वाटेत उभं राहू दिलं नाही.